पैठणची चित्रं बघायला पिंगुळीला जावं लागलं

लई दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होतो, आज जिनिंगवर कापसाच्या गाडीचा नंबर लागायला टाईम आहे म्हणून बसल्या बसल्या टाईप करतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

तर कॉलेजातला रूममेट कुडाळकडचा, त्यानं गावच्या जत्रेला बोलावलं. आपण परभणीचे, उन्हाचं आपल्याला काय कौतुक, पण तिथलं ऊन चिकट, डिसेंबरात बी शर्ट पाठीला चिटकलेला. दोन दिवस समुद्र, मासे, फोटो सगळं झालं (माशाचा काटा घशात अडकला ते वेगळंच). तिसऱ्या रात्री त्यांच्या देवळापुढं दशावतार बघायला बसलो आन् ते काही डोक्यातून जाईना.

स्टेज म्हणजे मागं एक पडदा आन् मधी एक बाकडं. राजा आला की तेच सिंहासन. पेटी, मृदंग, झांज, बस. लिहिलेलं नाटक नसतं बरं का, कथा ठरलेली आन् डायलॉग तिथंच उभ्या उभ्या, समोरचा काय बोलंल त्यावर. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळा संकासुर राक्षस येतो आन् मालवणीत पब्लिकची अशी खेचतो की मला निम्मं कळत नव्हतं तरी पोट दुखेपर्यंत हसलो. बाईचं काम गडीच करतो, पण त्याचं लाजणं बघून शेजारची म्हातारी म्हणली आमच्या सुनेला बी असं जमत नाही. पहाटपर्यंत कुणी उठलं नाही. तिकडं एक म्हण आहे, रात्री राजा सकाळी डोक्यावर बोजा. उजाडल्यावर बघितलं तर रातचा राजा खरंच पेटी उचलून टेम्पोत टाकत होता.

मी मित्राच्या काकांना सरळ विचारलं, काका ह्यांचे पैसे कोण देतं? ते म्हणले, "गाव देता. जत्रेची तीथ ठरलेली, मगे नाटक ठरलेला." संपला विषय. कमिटी नाही, अनुदानाची फाईल नाही.

दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला नेलं. ठाकर समाजाची चित्रकथी आन् बाहुल्यांचा खेळ. परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली ना, त्यांनी गुरांच्या गोठ्याचं म्युझियम केलंय. चित्रांची पोथी असती, एकेक चित्र पुढं धरायचं आन् रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. मोठाले डोळे, बाजूनं काढलेले चेहरे. आन् तिथं कळलं की ह्याच पद्धतीच्या चित्रांना अभ्यासक पैठण शैली म्हणतात, कारण तसली चित्रं पैठणकडं बी सापडली. आता बोला! आपल्याला पैठण म्हणलं की पैठणी, नाथ महाराज आन् जायकवाडी. मी नाथषष्ठीला चार वेळा जाऊन आलोय, एका माणसानं बी चित्राचं नाव काढलं नाही. मला बी कधी विचारावं वाटलं नाही म्हणा.

परत येताना रेल्वेत हेच डोक्यात. आपल्याकडं लगेच रडगाणं सुरू होतं, मोबाईलनं वाटोळं केलं, पोरांना आवड राहिली नाही. मला नाही पटत. कोकणातल्या पोरांकडं काय मोबाईल नाहीत का? तो सगळा मंडप मोबाईलवर शूटिंग करत होता. फरक तिथीचा आहे. आन् आपल्याकडं बी ज्याची तिथी पक्की त्याचं बरं चाललंय की. गावोगाव सप्ताह असतो, वर्गणी होती, म्हणून कीर्तनकारांच्या तारखा वर्ष वर्ष आधी बुक. माळेगावच्या यात्रेत तमाशाला गर्दी असती ती बी खंडोबाच्या तिथीमुळंच. मग भारूड काहून मागं पडलं? नाथांची भारुडं आपलीच, सोंग घेऊन नाचून सांगायची गोष्ट, पण गावात त्याची स्वतःची रात्र नाही. कीर्तनाच्या शेवटी दहा मिनिटं उरली तर उरली. गोंधळी लग्नात, तो बी आता एका तासात आटपा म्हणतात, कारण डीजेवाल्याला टायमाचं भाडं असतं.

आन् आपण काय करतो, वर्षातून एकदा त्या बुढ्या कलाकाराला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो टाकतो. शाल कितीवेळा पांघरंल तो माणूस. घरी गठ्ठा झाला असंल शालींचा.

म्हणून ह्या वर्षी सप्ताहाच्या मीटिंगला मी म्हणलो, सातातली एक रात्र पूर्ण भारुडाला द्या, दरवर्षी तीच, आन् बिदागी कीर्तनकाराच्या निम्मी तरी. एकजण म्हणला लोक बसतील का? मी म्हणलो तुम्ही मांडव तर द्या. अध्यक्ष म्हणले बघू. आमच्याकडं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे, पण माझी जास्तीची वर्गणी मी लिहून आलोय.

सेलू, जिंतूर, मानवतकडं सोंगासकट रात्रभर भारूड करणारं पथक कुणाला माहीत असलं तर इनबॉक्स करा. फोटो नका पाठवू, बिदागी किती घेतात ते विचारून सांगा. चला, गाडीचा नंबर आला.