मारीची मशीद १८६१ ची नाही

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी या छोट्याशा गावाबद्दल एक मजकूर सध्या फिरतो आहे: ‘ऑस्ट्रेलियातली पहिली मशीद इथे १८६१ मध्ये अफगाण उंटवाल्यांनी बांधली. तोवर तिथे काहीच नव्हतं. मग रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला.’ त्या उंटवाल्यांना मान मिळावा म्हणूनच लोक हा मजकूर पुढे पाठवतात. मान त्यांचा हक्काचाच आहे, पण तो खऱ्या हकिगतीवर मिळायला हवा.

आधी सालाचं बघू. १८६१ मध्ये मारी हे गावच नव्हतं. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग धुंडाळणाऱ्या जॉन मॅकडूअल स्टुअर्टच्या तुकडीतल्या हेरगॉटला इथले झरे १८५९ मध्ये दिसले आणि त्याच्याच नावाने ते ओळखले जाऊ लागले. गावाची आखणी झाली १८८३ मध्ये. १८६१ च्या आगेमागे शोधमोहिमांसोबत थोडे उंट आले होते खरे, पण ते पुढे निघून जाणारे. टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे हाकणारे आणवले ते १८६५-६६ मध्ये. मग १८६१ ला वस्ती करून मशीद उभारणार कोण? मशीद होती, आणि ती देशातल्या अगदी जुन्या मशिदींपैकी होती, यात शंका नाही. मात्र या मजकुरासोबत फिरणाऱ्या आजच्या फोटोंत दिसते ती नंतर उभारलेली प्रतिकृती आहे.

‘अफगाण’ हे तिथल्या गोऱ्यांनी सरसकट लावलेलं नाव. त्यांच्यात पठाण होते तसे बलुची, सिंधी, पंजाबीही होते. १८९६ च्या कॅल्व्हर्ट या शोधमोहिमेत उंट सांभाळणारा आणि पुढे मारीत स्थायिक झालेला बेजा दरवेश बलुचिस्तानचा. कराची तर तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती.

‘तिथे काहीच नव्हतं’ हे मला सर्वांत जास्त खटकतं. अरबाना आणि दियारी हे आदिवासी लोक या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. वाळवंटातले झरे कुठून कुठे ओळीने लागतात हे त्यांना पाठ होतं. पाण्याच्या त्याच वाटेने स्टुअर्ट गेला, पाठोपाठ तारयंत्राची लाइन गेली आणि रेल्वेही गेली. उंटवाल्यांपैकी कित्येकांनी इथल्या आदिवासी स्त्रियांशी लग्नं केली. ‘काहीच नव्हतं’ म्हणताना त्या कुटुंबांच्या आजीचं माहेरच पुसलं जातं.

आणि रेल्वेने धंदा बसला म्हणणं म्हणजे तर उलटी गंगा. १८८४ मध्ये रूळ मारीला पोचले, आणि तिथून पुढे रेल्वे नव्हती म्हणूनच इथे उंटांची गर्दी झाली. मालगाडीतून उतरलेलं पीठ, चहा, साखर, तारेची भेंडोळी उंटांवर लादून काफिले बर्ड्सव्हिलच्या वाटेने क्वीन्सलँडकडे निघत. परतताना लोकरीचे गठ्ठे आणत. रुळांच्या एका अंगाला गोऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला उंटवाल्यांची आणि आदिवासींची, अशी गावाची फाळणीही रेल्वेनेच केली. उंटांचं काम हिरावलं ते १९२० च्या दशकापासून, मोटार-लॉऱ्यांनी. आणि ज्या देशात माल पोचवण्यात त्यांची उमर गेली, त्याच देशाने १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाची दारं बंद केली होती. फिरणाऱ्या मजकुरात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.