वाकलेली पट्टी भिजवून सरळ होते म्हणे!

डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, कठड्याबद्दल एक सल्ला सध्या फार फिरतोय: ‘पट्टी वाकली तर नवी घेऊ नका. पाण्याने भिजवा, क्लॅम्पने आवळा, दोन दिवस वाळू द्या. मग लांब स्क्रू मारा आणि रंग द्या. कायमची सरळ!’ भिजलेल्या पट्टीचा फोटो टाकणाऱ्याने सहा महिन्यांनंतरचा फोटोही टाकायला हवा होता.

आधी भिजवण्याचं बघू. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. झाडाच्या वाढीच्या वलयांच्या बाजूने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे वलयांना समांतर कापलेली फळी वाळताना सालीच्या बाजूला खोलगट होते. हा कल कापतानाच ठरलेला असतो, पाण्याने तो जात नाही. पट्टी भिजली की फुगते, सरळ झाल्यासारखी वाटते, आणि वाळली की पुन्हा आपल्या वळणावर. क्लॅम्प लावूनही फार फरक पडत नाही, कारण गार पाण्याने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट धरून ठेवणारा घटक, मऊ होत नाही. त्याला वाफ लागते, 25 मिमी जाडीला साधारण तासभर. तीही ओलसर लाकडाला मानवते. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाकवायला गेलं की बहुतेकदा तडकतं.

एका बाबतीत मात्र सल्ल्यात तथ्य आहे. फळीची एकच बाजू उन्हाने वाळून ती खोलगट झाली असेल, तर दोन्ही बाजूंची ओल सारखी झाल्यावर ती बरीच सपाट होते. पण उद्या ऊन पुन्हा त्याच बाजूला पडणार, हे विसरू नका.

स्क्रूचा दावा अर्धा खरा. बारीक, लांब पट्टीला नुसता बाक आला असेल आणि खांब भक्कम असेल, तर ती ओढून बसवता येते. आधी भोक पाडा, नाहीतर टोक फाटतं. पीळ बसलेल्या जाड पट्टीला मात्र स्क्रूने दाबू नका. ती सरळ होण्याऐवजी खांबालाच पिरगळते. लाकडाला तांबेयुक्त संरक्षक लावलेलं असेल तर साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या.

रंगाने ओल मंदावते, थांबत नाही. निदान कापलेली टोकं तरी रंगवा, पाणी सर्वात जास्त तिथूनच शिरतं.

राहिलं ‘नवी घेऊ नका’. उभ्या पट्ट्या वाकून मधली फट वाढली असेल, तर प्रश्न दिसण्याचा उरत नाही. अनेक ठिकाणच्या नियमांत ही फट 100 मिमीच्या आसपास मर्यादित असते, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. अशी पट्टी बदलाच. नवी निवडताना टोकाला डोळा लावून पूर्ण लांबी पाहा, आणि टोकावर झाडाचा मधला गाभा दिसला तर ती बाजूला ठेवून दुसरी उचला.