सेल्फ फिरतोय ना? मग बॅटरी कशी गेली?

एकदाच सांगतो आणि ओरडून सांगतो. इंजिन जोरात घुर्र घुर्र फिरतंय आणि गाडी घेत नाहीये, तेव्हा बॅटरी गेलेली नसते! बॅटरी उतरली की सेल्फ दमतो, नुसतं टकटक वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतं. हे कळायला आयटीआय करावं लागत नाही, कान लागतात. तरी पार्किंगमध्ये बोनेट उघडलं की पाच मिनिटांत चार जण जमणार आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काका, बॅटरी बघा."

बघितली. बदलली! बेचाळीसशे रुपये गेले आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी नवले पुलाजवळ गाडी पुन्हा जिथल्या तिथे.

माझी गाडी 2004 ची, पेट्रोल. सकाळी गार असताना पहिल्या सेल्फला घेते. पंधरा-वीस किलोमीटर पळवा, दहा मिनिटं भाजीला उतरा, परत येऊन किल्ली फिरवा. सेल्फ मस्त फिरतो, गाडी ढिम्म. तासाभराने गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. हा तास नीट लक्षात ठेवा, कारण मेकॅनिकला फोन केला की तो बरोब्बर एका तासाने येतो. किल्ली फिरवतो, गाडी चालू. मग माझ्याकडे असा बघतो, की जणू मला एकटेपणा आला होता म्हणून त्याला बोलावलं.

"काही नाही साहेब, तुम्ही रेस देत नसाल."

अरे, एमपीएफआय गाडीला, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो तिला, सेल्फ मारताना रेस द्यायचीच नसते! पेडल तळापर्यंत दाबलं तर बहुतेक गाड्यांत ईसीएम, म्हणजे हाच इंजिनाचा कॉम्प्युटर, उलट पेट्रोल तोडतो, स्पार्क प्लग भिजले असतील तर सुकावेत म्हणून. चोक ओढायचे दिवस संपून जमाना झाला, पण यांचं सगळं ज्ञान तिथेच पार्क केलेलं.

पुढचा नंबर टाकीतून इंजिनाला पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा. मी म्हटलं, किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद झींऽऽ आवाज येतो, बंद पडते तेव्हाही येतो, म्हणजे पंप चालतोय. "आवाज येतो हो, पण प्रेशर नसेल." बरं, नसेलही. मग गेज लावून मोज ना! गेज नाही. गेज नाही म्हणून पंप नवा. अडतीसशे. मग प्लग. मग प्लगच्या केबली. मग प्लगला करंट देणारी कॉइल. गाडी बंद पडलेली असताना करंट येतोय की नाही, हे एकदा, फक्त एकदा तपासायचं, तर तेवढं सोडून सगळं केलं. स्कॅनर लावला, तर म्हणे "काही एरर नाही". गार गाडीला लावल्यावर काय दिसणार, कप्पाळ?

सोसायटीतले तज्ज्ञ तर वेगळेच. हल्ली सगळ्या दुखण्यांना एकच औषध: "ई20 मुळे होतंय." म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. अहो, दुपारी टाकीत ई20 आणि सकाळी काय साधं पेट्रोल होतं का? टाकी तीच, पेट्रोल तेच!

शेवटी सांगितलं कुणी, तर डॅशबोर्डवरच्या आरपीएमच्या काट्याने, इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणाऱ्या. गार असताना सेल्फ मारला की माझ्या गाडीत तो काटा जरासा उचलतो. त्या दिवशी तापलेल्या गाडीत सेल्फ फिरतोय आणि काटा मेल्यासारखा शून्यावर. म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतच नव्हतं! कळत नाही म्हणून करंट नाही, पेट्रोलही नाही. दोषी कोण, तर क्रँक सेन्सर, इंजिन फिरतंय ही खबर ईसीएमला देणारा. आतली ती बारीक तारेची गुंडाळी तापली की सुटायची, गार झाली की जुळायची. प्यायच्या पाण्याची बाटली सेन्सरवर हळूहळू ओतली, पाच मिनिटं थांबलो, किल्ली फिरवली. चालू! भर रस्त्यात मी स्वतःच्याच गाडीला शिवी हासडली, आणि मग बोनेटवर थोपटलंही.

नवा सेन्सर साडेआठशे रुपयांना. एक बोल्ट, एक कपलर. दहा मिनिटांचं काम. घरी येऊन जुन्याला मीटर लावला, गार असताना आकडा दाखवतो. बायकोच्या हेअर ड्रायरने तापवला, आकडा गायब. हे त्या मेकॅनिकला दाखवायला नेलं तर म्हणतो, "मी म्हटलंच होतं साहेब, इलेक्ट्रिकलचं काहीतरी आहे."

आणि हो, माझी ती जुनी बॅटरी, जी ठणठणीत होती, ती त्याने सातशे रुपयांत भंगार म्हणून ठेवून घेतली. परवा दुकानात पाहिली. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसवत होता.