लस टोचली, मग बादली का उकळायची?

डुकरांच्या तापावरच्या (स्वाईन फिव्हर) माझ्या मागच्या लेखावर ‘सावंतवाडीचा एक पालक’ अशा सहीने डुकरं पाळणाऱ्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं थोडक्यात असं: मी लोकांना उगाच घाबरवतो; डॉक्टर बोलावून लस टोचली की ताप येत नाही; ‘खरकटं बंद करा’ सांगणं म्हणजे गरिबाचा धंदा बसवणं; आजीच्या परसातली डुकरं खरकट्यावरच वाढली; आणि जनावर मेलंच तर पोट फाडून बघितलं की रोग कळतो.

दादा, खरकट्याचं तुमचं बरोबर आहे. खानावळींच्या बादल्यांवर ज्याची आठ-दहा डुकरं पोसतात, त्याने सगळं खाद्य विकत आणलं तर नाताळात विकून हाती काय उरणार? मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. आता सुधारून सांगतो: खरकटं घालायचंच असेल तर उकळून घाला. उकळी फुटल्यावर निदान अर्धा तास, तळापासून ढवळत. जळणाला नारळाची सोडणं-झावळ्या तर घरच्याच आहेत. कच्च्याची बादली आणि शिजवलेल्याची बादली मात्र एक नको, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

आजीच्या वेळी बादलीत वाडीतलंच उष्टं पडायचं. परवा मी एक बादली ओतून बघितली: भात, सुरमईचे काटे, लिंबाच्या साली आणि तळाला सॉसेजचा दोरा बांधलेला तुकडा. ते मांस कुठल्या डुकराचं, कोण सांगणार? स्वाईन फिव्हर दोन, क्लासिकल आणि आफ्रिकन; त्यातल्या आफ्रिकनचा विषाणू खारवलेल्या, धुरावलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो.

लसीबाबत मात्र मी हटणार नाही. तुम्ही म्हणता ती लस क्लासिकल स्वाईन फिव्हरची. ती टोचायलाच हवी. पूर्वी ती सशाच्या प्लीहेतून काढत, एका सशामागे जेमतेम 50 मात्रा, म्हणून कायम तुटवडा. 2020 साली इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने ससा न लागणारी, प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली लस आणली. आणि त्याच वर्षी आसाम-अरुणाचलात आफ्रिकन ताप देशात पहिल्यांदा सापडला. नावं सारखी, विषाणू पूर्ण निराळे. कांजण्यांची लस घेऊन गोवर टळतो का? व्हिएतनामने 2023 साली आफ्रिकन तापाच्या लसींना परवानगी दिली, पण आपल्या हातात आज उकळलेली बादली, कुंपण आणि डुकरांकडे जाताना वेगळ्या चपला एवढंच आहे. (माणसाला हा ताप होत नाही. बाजारात काहीबाही बोलतात म्हणून सांगितलं.)

आणि लसही कधी टोचतो यावर सगळं आहे. पहिल्या वर्षी मी हौसेने तीन आठवड्यांच्या पिल्लांना टोचून घेतली. त्यांच्या आईला लस झालेली होती. चिकातून मिळालेल्या संरक्षणाने पिल्लांची लस वाया घालवली, हे मला नंतर कळलं. आता आमचे डॉक्टर दोन महिन्यांनंतरच देतात. त्यावर कडी म्हणजे पुढे विकत आणलेली दोन पिल्लं मी त्याच दिवशी कळपात सोडली. आठवड्याभरात एका सकाळी खाद्याची पाटी भरलेलीच, सगळी एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडलेली, कानांच्या कडा जांभळ्या. आता नवं जनावर महिनाभर माडांच्या पलीकडे, वेगळ्या पाटीवर.

पोट फाडायचं तर डोक्यातूनच काढा. बाहेरून दोन्ही ताप सारखेच दिसतात, निदान प्रयोगशाळेतच होतं. आफ्रिकन तापाचा संशय असला तर नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. आणि तो निघाला तर त्या जनावराच्या रक्ताचा थेंब न् थेंब विषाणूने भरलेला. चिऱ्याच्या खडबडीत जमिनीत मुरलेलं रक्त तुम्ही धुणार कसं? सुरी, हात, कुत्रे, कावळे राहिलेच. मेलेलं डुक्कर वहाळात टाकायची सवय तर त्याहून वाईट. काजूच्या बागांत उतरणाऱ्या रानडुकरांना हा ताप होतो, आणि एकदा रानात शिरला की तो बाहेर कोण काढणार? खोल खड्डा, वर चुना, तोही डॉक्टरांना विचारून.

लोक कळवत नाहीत त्याचं कारण मलाही ठाऊक आहे. आफ्रिकन ताप ठरला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात. पण भरपाई असते ती सरकारने मारलेल्या जनावरांची. लपवून ठेवलेल्या नि आपोआप मेलेल्यांची नाही.

तुमच्याकडे पिल्लांना कितव्या आठवड्यात टोचतात, ते मात्र खाली जरूर लिहा.