२१ दिवसांच्या सवयीबद्दल थोडा खुलासा

सध्या परत एक मेसेज फिरतोय, "कुठलीही गोष्ट २१ दिवस न चुकता करा, सवय लागलीच समजा, हे सायन्सने सिद्ध केलंय". नाही केलेलं.

हा आकडा आला मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा आपलासा वाटायला कमीत कमी २१ दिवस लागतात असं त्याच्या बघण्यात आलं आणि १९६० च्या पुस्तकात त्याने ते लिहिलं. "कमीत कमी" पुढे कुणीतरी गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, लवकर उठणं, वाचन, काय वाट्टेल ते आलं!

खरोखर मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि मंडळींनी, ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडून रोज ठरलेल्या वेळी करायची, म्हणजे जेवणासोबत फळ खा किंवा थोडं पळा वगैरे. ती आपोआप व्हायला लागायचा काळ निघाला साधारण ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून थेट २५४ पर्यंत. (२५४ हा अंदाज आहे हां, प्रयोगच ८४ दिवसांचा होता, त्यामुळे आता ६६ चा नवा मेसेज बनवू नका प्लीज.) पाणी पिण्यासारखं काम लवकर अंगवळणी पडतं, व्यायामाला जास्त वेळ लागतो.

आणि "एक दिवस चुकला की पुन्हा शून्यापासून" हे तर साफ चूक, एखादा दिवस हुकल्याने त्या लोकांना फारसा फरक पडलाच नव्हता.