दुपट्याच्या पोटात

धाकट्या बहिणीला बाळ होणार हे कळल्याबरोबर, कुणी विचारलेलं नसताना, मी जाहीर करून टाकलं की बाळाचं दुपटं मी शिवणार. झालरीचं. हा शब्द तोंडातून गेला तेव्हा वाटलं होतं, काय छळायचं ते झालरच छळेल. वरचं कापड तर अर्ध्या तासात ठरलं, पिवळ्यावर पांढरी बदकं. पुढचे तीन आठवडे गेले ते आत काय घालायचं आणि मागे काय लावायचं यात. एक कुणाला दिसणार नाही, दुसरं जमिनीकडे तोंड करून पडणार.

आतल्या थराला म्हणतात बॅटिंग. घरात मी एकदाच मोठ्यानं विचारलं, "बॅटिंग कुठली घेऊ?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचं उत्तर आलं, "पिच बघून ठरव." तेव्हापासून मी त्याला भरण म्हणते.

पॉलिएस्टरचं भरण फुगीर, हलकं, धुतल्यावर पटकन वाळणारं. स्थळ बघताना असतं तसं सगळं छानच. मग हळूच कळतं की ते घाम शोषत नाही, आणि काही दिवसांनी त्याचे तंतू कापडातून बाहेर डोकावू शकतात. याला जाणकार चक्क दाढी फुटणं म्हणतात. बाळाच्या आधी दुपट्याला दाढी यावी हे मला मंजूर नव्हतं. सुती भरण हवा खेळवतं, पण धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं. म्हणजे 36 इंचांचं दुपटं इंच-दीड इंच अंग चोरून घेतं आणि वर बारीक सुरकुत्या पडतात. काही हौशी मंडळी या सुरकुत्यांसाठीच भरण आधी धूत नाहीत. मला आरशात दिसतात तेवढ्या पुरे आहेत. लोकर उबदार खरी, पण बाळाची वस्तू दिवसातून दोनदा धुवायची, तिथे लोकरीची मिजास कोण सांभाळणार?

त्यात पाकिटांवरचा मजकूर. एक म्हणतं, थर जोडणाऱ्या टाक्यांच्या ओळी एकमेकींपासून 10 इंचांवर असल्या तरी चालतील. दुसरं म्हणतं, 4 इंचांच्या आत हव्यात. नाहीतर धुण्यात भरणाचे गोळे होतात आणि सगळे एका कोपऱ्यात सभा भरवतात.

"ताई, झालं का गं दुपटं?" बहिणीचा फोन.

"भरण ठरतंय."

जाडजूड, उबदार असं काही घ्यावं यावर मी येतच होते, तेवढ्यात तिनेच सांगितलं की पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ दुपटं, उशी, मऊ खेळणी काही ठेवायचं नाही. बालरोगतज्ज्ञ तसंच सांगतात. हे दुपटं बाळाला जागेपणी, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना, जमिनीवर अंथरायचं. म्हणजे मी तीन आठवडे पांघरूण निवडत होते आणि हवी होती सतरंजी! पातळ भरण घेतलं. 80 टक्के सुती, 20 टक्के पॉलिएस्टर. युतीचं सरकार.

मग मागचं कापड. फ्लॅनेल मऊ, पण तेही आटतं, आणि वरच्या सुती कापडापेक्षा जास्त. आधी धुतलं नाही तर पुढची बाजू एका मापाची, मागची दुसऱ्या. मलमल छान, पण हाताळताना वाकडी होते. मग मिंकी, म्हणजे मखमलीसारखं लवदार कापड. तिला हात लावला आणि विवेक संपला. तिला कात्री लावली की घरभर लव उडते, ती ताणली जाते, मशीनखाली एकटीच पुढे सरकते आणि गरम इस्त्रीने तिची लव बसते. एवढे दुर्गुण माहीत असूनही मी तीच घेतली. स्पर्शापुढे शहाणपण चालत नाही.

"झालं का गं?"

"भरण झालं. अस्तर ठरतंय."

झालरीबद्दल थोडक्यात. घेर 144 इंच, झालर दुप्पट, म्हणजे 288 इंच पट्टी, 7 मीटरहून जास्त. चुण्यांचा दोरा चारदा तुटला. कोपऱ्यात झालर, भरण, मिंकी सगळं एकत्र आल्यावर मशीन म्हाताऱ्यासारखं कण्हलं. पण शिवलं. असं दुपटं आधी सुलट बाजू आत ठेवून शिवायचं आणि मग उलटवायचं. त्यासाठी वीतभर फट ठेवली होती, तिच्यातून सगळं बाहेर ओढलं. झालर फुलली. बदकं हसली.

दुपटं पालथं केलं. मागे पांढरं भरण.

मिंकी आत होती. थर लावताना भरण सगळ्यात खाली हवं होतं, मी ते मधे घातलं होतं. सँडविचसारखं. मधलंच तर असतं ना ते! पण उलटवल्यावर मधलं बाहेर येतं आणि बाहेरचं मधे जातं, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा 144 इंचांची शिवण पक्की झालेली होती. जे कुणाला दिसू नये ते लख्ख दिसत होतं, आणि जिच्यासाठी विवेक घालवला ती आत अंधारात एकटीच मऊ पडून होती.

नवरा येऊन बघून गेला. "हिट विकेट," म्हणाला.

उसवायला बसले, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, झालं?"

"झालंय गं," मी दातात दोरा धरून म्हटलं, "फक्त अस्तर अजून बाहेर आलेलं नाही."