तिबेस्तीचे ओढे संगणकाला विचारू नका

‘उपग्रहांनी पृथ्वीचा इंच न् इंच मोजलाय. वाळवंटातल्या डोंगरांचे नकाशे आता घरबसल्या बनतात, ओढेसुद्धा संगणकच काढून देतो,’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यात उदाहरण दिलंय आफ्रिकेतल्या चाड देशातल्या तिबेस्ती पर्वताचं, म्हणून उत्तरही तिथलंच देतो.

‘इंच न् इंच’ हे खरं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातल्या रडारने ११ दिवसांत बहुतेक जमिनीची उंची मोजली. काम अफाट होतं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यात सुमारे ३० मीटरच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा मिळतो, दहा मीटर रुंदीची घळ त्यात बुजून जाते. कड्यांआड आणि कोरड्या वाळूवर तर मोजमापात भोकं राहिली, ती मागाहून भरली गेली. एमी कूसी हे तिथलं सर्वोच्च शिखर, त्याची उंचीही कुठे ३४१५ मीटर तर कुठे ३४४५ मीटर छापलेली सापडते.

खरी गफलत ओढ्यांत होते. संगणक प्रत्येक चौकोनातलं पाणी उताराच्या शेजारी चौकोनात ढकलत नेतो. खड्डा आला की पाणी अडतं, म्हणून उंचीच्या आकड्यांतले सगळे खड्डे आधीच ‘भरून’ घ्यायची पद्धत आहे. नद्या समुद्राला मिळतात त्या मुलखात हे बरंचसं चालून जातं, कारण तिथले खड्डे बहुधा मोजमापातल्या चुकाच असतात. तिबेस्तीतले खड्डे मात्र खरे आहेत! त्रू ओ नात्रों हे ज्वालामुखीचं विवर शेकडो मीटर खोल आहे, तळाशी पांढरे क्षार. आत उतरलेलं पाणी तिथेच आटतं. खड्डे भरले की हे विवर काठोकाठ सपाट होतं आणि कधीच नसलेला ओढा काठावरून वाहू लागतो. पायथ्याशी गाळ पंख्यासारखा पसरलेला असतो, तिथे ओढ्याला अनेक फाटे फुटतात. त्यांच्या उंचीतला फरक मोजमापाच्या चुकीहून लहान असतो, तरी संगणक बेधडक एकच फाटा निवडतो. पुढच्या पुरात पाणी भलत्याच फाट्याने जातं.

‘कोरडाच तर ओढा, चुकला तर काय बिघडलं?’ ऑगस्ट २०२४ मध्ये तिबेस्तीत पूर आला आणि किमान ५४ माणसं गेली.

शिवाय नावं. तिथले तेदा लोक अशा दरीला ‘एन्नेरी’ म्हणतात. कुठली एन्नेरी कुठे संपते, घळीच्या सावलीतल्या कुठल्या कुंडात पाणी टिकतं, हे त्यांनाच विचारावं लागतं.

युद्धात पेरलेल्या सुरुंगांमुळे तिथे सगळीकडे पायी फिरता येत नाही, हे मान्य. मग निदान विमानातून घेतलेल्या फोटोंवरून बनवलेले जुने फ्रेंच नकाशे शेजारी ठेवावेत, आणि ज्या ओढ्याची खात्री नाही तो तुटक रेषेनेच काढावा.